खानदेशात परवडणारी छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेण्यापूर्वी ती कशी पारखावी

चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी पेट्रोलऐवजी विजेवर चालणारी छोटी एसयूव्ही घ्यावी का, हा विचार जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक घरांत आता होऊ लागला आहे. टाटाच्या पंच ईव्ही आणि नेक्सॉन ईव्ही, महिंद्राची एक्सयूव्ही 400, एमजीची विंडसर, थोडे बजेट वाढवले तर ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक, अशी बरीच नावे समोर येतात आणि शोरूममध्ये यांतील प्रत्येक गाडी चांगलीच दिसते. ती आपल्या घराला चालेल की नाही, हे मात्र घरची वीज, मे महिन्यातले ऊन आणि वर्षातला सर्वांत लांबचा प्रवास या तीन गोष्टींवर ठरते. म्हणून पारख शोरूमपासून सुरू न करता घरापासून सुरू करावी.

1. आधी घरची वीज तपासावी

महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो प्रथम पाहावा. जुन्या घरांत तो अनेकदा एक-दोन किलोवॉटच असतो. गाडी 15 अँपियरच्या सॉकेटवर लावली तर ती सुमारे तीन किलोवॉट ओढते आणि भिंतीवर बसवायचा 7.2 किलोवॉटचा चार्जर सुमारे 32 अँपियर घेतो. दोन कूलर, फ्रिज आणि पाण्याची मोटर यांच्या जोडीला एवढा भार जुन्या वायरिंगवर टाकणे धोक्याचे आहे. भार वाढवून घेण्याचा अर्ज गाडीच्या बुकिंगआधीच करावा.

मोठा चार्जर हवाच असे समजण्याचे कारण नाही. भुसावळहून जळगावला रोज अपडाऊन करणाऱ्याची गाडी दिवसाला साठेक किलोमीटर चालते आणि त्यासाठी दहाच्या आसपास युनिट लागतात, म्हणजे साध्या 15 अँपियरच्या सॉकेटवर साडेतीन ते चार तास. मात्र हा भार तासन्‌तास सलग चालत असल्याने इस्त्री किंवा गिझरसाठी बसवलेले जुने सॉकेट वापरू नये. मीटरपासून थेट वेगळी तांब्याची वायर, 15 अँपियरसाठी किमान 4 चौरस मिलिमीटर आणि 7.2 किलोवॉटसाठी किमान 6 चौरस मिलिमीटर, भार जास्त झाला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, वीज गळू लागताच ती तोडणारा आरसीसीबी आणि चांगल्या प्रतीचे इंडस्ट्रियल सॉकेट एवढे करून घ्यावे. वायरची लांबी जास्त असेल तर तिची जाडीही वाढवावी लागते.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट अर्थिंगची आहे आणि खानदेशात ती अधिक काळजीने पाहावी लागते. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात ओल धरते, पण एप्रिल-मे मध्ये ती भेगाळते, ओल खोल जाते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर अर्थिंग नीट नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. फ्रिज चालतो, कूलर चालतो, मग गाडीच का चालत नाही, असा प्रश्न मग घरमालकाला पडतो. वायरमनने अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतले की चार्जरवरचा लाल दिवा हिरवा होतो आणि आठ दिवसांनी माती सुकली की पुन्हा लाल होतो. हा उपाय तात्पुरता आहे. वायरमनला मल्टीमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला सांगावे. तो एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक. पाचच्या वर जात असेल तर नवीन खोल अर्थिंग करून घ्यावे, आणि हे मोजमाप पावसाळ्यात न करता कडक उन्हाळ्यात करावे.

त्याच वेळी फेज आणि न्यूट्रल यांच्यातला व्होल्टेजही रात्री आठ वाजता आणि मध्यरात्रीनंतर असा दोनदा पाहावा. गावात कूलर सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज पडतो. तो फार पडला तर चार्जर वेग कमी करतो किंवा थांबतो. मध्यरात्रीनंतर तो सावरत असेल, तर गाडीतील टायमर लावून त्या वेळेत चार्जिंग करणे सोयीचे होते. शेतातील घरावर किंवा शेतीपंपाच्या लाइनवर मात्र रोजच्या चार्जिंगची भिस्त ठेवू नये.

2. बॅटरी आपल्या प्रवासावरून मोजावी

बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत सांगतात, आणि एक किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट. 2024 मध्ये आलेल्या पंच ईव्हीला 25 आणि 35 युनिटच्या बॅटऱ्या होत्या. 2025 मध्ये नेक्सॉन ईव्हीला 30 आणि 45, एक्सयूव्ही 400 ला 34.5 आणि 39.4, विंडसरच्या मूळ आवृत्तीला 38, तर क्रेटा इलेक्ट्रिकला 42 आणि 51.4 युनिटच्या बॅटऱ्या मिळत होत्या. जाहिरातीतले अंतर हे ठरावीक वेगाच्या सरकारी चाचणीत मोजलेले असते. त्या चाचणीत ना 44 अंशांचे ऊन असते, ना भरलेली डिकी, ना सलग महामार्गावरचा वेग. काही कंपन्या प्रत्यक्ष वापरातल्या अंतराचा वेगळा अंदाज देतात, तो मागून घ्यावा. पण खरा हिशोब आपला आपण करावा.

तो असा. ताशी 85-90 किलोमीटरच्या वेगाने, एसी लावून आणि घरातील माणसांसह जाताना या वर्गातील गाडीला 100 किलोमीटरला साधारण 16-17 युनिट लागतात असे धरावे. निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि पोहोचताना किमान 15 टक्के उरावी. या हिशोबाने 45 युनिटची गाडी सुमारे 230 किलोमीटर जाते आणि 30 युनिटची सुमारे 155.

आता जळगावहून छत्रपती संभाजीनगरला जायचे आहे असे समजू. अंतर सुमारे 160 किलोमीटर आहे आणि वाटेत अजिंठ्याचा घाट आहे. घाटाची धास्ती अनेकांना असते, पण आकडे पाहिले तर ती कमी होते. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 200 मीटरवर आणि छत्रपती संभाजीनगर सुमारे 570 मीटरवर आहे. माणसांसह 1,800 किलोची गाडी एवढी उंच चढवायला दोन युनिटच्या आसपास जादा वीज लागते आणि परतताना उतारावर त्यातली काही बॅटरीत परत येते. म्हणजे जाताना एकूण 28-29 युनिट लागतील. 30 युनिटची गाडी अगदी रिकामी होत पोहोचेल, म्हणून वाटेत थांबावेच लागेल. 45 युनिटची गाडी 35 टक्क्यांहून थोडी अधिक बॅटरी राखून पोहोचेल, पण परतीसाठी तिलाही तिथे चार्ज करावे लागेल. धुळ्याहून नाशिकला जाणाऱ्याचे गणित जवळपास असेच येते, कारण अंतर तेवढेच आहे आणि चांदवडच्या राहुड घाटातून गाडी तशाच उंचीवर जाते.

घाटापेक्षा वेगाची किंमत मोठी असते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे मुंबई-आग्रा महामार्गावर 90 ऐवजी 110 चा वेग धरला तर अंतर चटकन घटते. ज्यांना वर्षातून दोनदाच पुण्याला जायचे आहे आणि बाकी सगळा प्रवास पन्नास-साठ किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी त्या दोन दिवसांसाठी मोठ्या बॅटरीचे पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे. दर आठवड्याला दीडशे किलोमीटर जाणाऱ्याने मात्र लहान बॅटरीवर तडजोड करू नये.

3. उन्हाच्या दृष्टीने बॅटरी पाहावी

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, आणि लिथियम बॅटरीचे आयुष्य उष्णतेनेच सर्वाधिक घटते. विक्रेत्याला दोन प्रश्न स्पष्ट विचारावेत. बॅटरी द्रवाने थंड होते की नुसत्या हवेने, हा पहिला. आपल्याकडे द्रवाने थंड होणारीच घ्यावी, कारण बाहेरची हवाच तापलेली असताना हवेने थंड होणारी बॅटरी फास्ट चार्जिंगनंतर लवकर निवत नाही. बॅटरीतील सेल एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचे आहेत की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), हा दुसरा. एलएफपी सेल उष्णता अधिक सहन करतात, जास्त वेळा चार्ज होऊ शकतात आणि ते अधूनमधून 100 टक्के भरणे योग्यच असते. तेवढ्याच क्षमतेला त्यांचे वजन मात्र थोडे जास्त भरते. एनएमसी सेल वजनाला हलके असतात, पण रोजच्या वापरात ते 80 टक्क्यांपर्यंतच भरावेत. पत्र्याची का होईना, सावलीची जागा घरी आणि कामाच्या ठिकाणी आहे का, हेही आताच पाहावे.

4. चाचणी भर दुपारी आणि घरच्यांना घेऊन करावी

सकाळी दहाला शोरूमभोवती मारलेल्या एका फेरीतून काहीच कळत नाही. दुपारी दोनला, गाडी तासभर उन्हात उभी ठेवून, घरातील सगळ्यांना बसवून निघावे. एसी मागच्या सीटपर्यंत किती वेळात पोहोचतो, मागे एसीचे झरोके आहेत का, हे तेव्हाच कळते. निघताना ट्रिप मीटर शून्य करावा, मार्ग निम्मा गावातला आणि निम्मा महामार्गावरचा ठेवावा, आणि शेवटी 100 किलोमीटरला किती युनिट लागले तो आकडा लिहून घ्यावा. गर्दीच्या रस्त्यावर हा आकडा वाढलेला दिसला तर नवल नाही, कारण गाडी हळू चालली तरी एसी तासाला तेवढीच वीज घेतो.

बॅटरी तळाशी असल्यामुळे मागची जमीन उंच असते आणि उंच माणसाचे गुडघे वर येतात, मांड्यांना आधार मिळत नाही. आजी-आजोबांना मागे अर्धा तास बसवून, मग विचारावे. पाच जण बसलेले असताना गावातल्या सर्वांत उंच गतिरोधकावरून गाडी न्यावी. खाली घासल्याचा आवाज आला तर ती जागा बॅटरीच्या पेटीची असू शकते. डिकीत स्टेपनी आहे की नुसते पंक्चर किट, हे उघडून पाहावे. बाभळीच्या काट्यांच्या शेतरस्त्याने जाणाऱ्याला किटवर निभावणे कठीण जाते. सुरक्षिततेसाठी भारत एनकॅप या अपघात-चाचणीतले गुण पाहावेत. पंच ईव्ही आणि नेक्सॉन ईव्ही यांना 2024 मध्ये पाच तारे मिळाले आहेत.

5. मार्गावरचे चार्जर स्वतः पाहून यावेत

ॲपवर दिसणारा चार्जर चालू असेलच असे नाही. नेहमीच्या मार्गावर एकदा जुन्या गाडीने जाताना प्रत्येक चार्जरपाशी थांबावे, त्याचा प्लग आपल्या गाडीला बसणाऱ्या सीसीएस-2 प्रकारचा आहे का, किती किलोवॉटचा आहे, रात्री जागा उघडी असते का, शेजारी स्वच्छतागृह आहे का, हे पाहावे. एकाच यंत्राला दोन गन (गाडीत खोचायचे प्लग) असतील तर दोन गाड्या लागल्यावर शक्ती वाटली जाते. एका चार्जरवर अवलंबून राहण्याचा बेत कधीही करू नये. त्याच्या पुढे पोहोचता येईल असा दुसरा हवा.

6. पैशांचा हिशोब आपल्या बिलावर करावा

चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला 0.17 ते 0.19 युनिट लागतात. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी चढतो, म्हणून महिन्याला 1,000 किलोमीटरचे पावणेदोनशे युनिट सध्याच्या वापरावर चढवून वरच्या टप्प्याचा दर धरावा. समजा तो सगळे आकार मिळून 13 रुपये आला, तर किलोमीटरला सव्वादोन ते अडीच रुपये पडतील. लीटरला 15 किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी, 105 रुपये दराने, सात रुपये घेते. म्हणजे किलोमीटरमागे साडेचार रुपये वाचतात. दोन गाड्यांच्या ऑन रोड किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला सुमारे 67,000 किलोमीटर चालवावे लागेल. वर्षाला 20,000 किलोमीटर फिरणाऱ्याला साडेतीन वर्षांहून कमी वेळ लागेल. 8,000 फिरणाऱ्याला आठ वर्षांहून अधिक. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे, पण 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आल्याने हा फरक पूर्वीसारखा राहिलेला नाही, म्हणून जुन्या तुलनांवर विसंबू नये.

छतावर सौर पॅनल बसवायला जागा असेल तर गणित बदलते. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉट आणि त्यावरील संचाला 78,000 रुपयांचे अनुदान मिळते, आणि आपल्याकडच्या उन्हात असा संच दिवसाला साधारण 12 युनिट देतो. बॅटरी भाड्याने घेण्याचा पर्याय निवडत असाल तर किमान किलोमीटरची अट आहे का, हे करारात वाचावे.

7. वॉरंटी आणि सर्व्हिस

बॅटरीची वॉरंटी बहुधा 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर असते. काही गाड्यांना त्याहून अधिक मिळते, पण ती पहिल्या मालकापुरती असू शकते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर कंपनी बॅटरी बदलून देईल, हे लेखी घ्यावे. उच्च दाबाच्या बॅटरीवर काम करू शकणारा प्रशिक्षित माणूस जळगाव किंवा धुळ्यातच आहे की गाडी नाशिकला न्यावी लागेल, हे विक्री विभागाला न विचारता थेट वर्कशॉपमध्ये जाऊन विचारावे. तिथे चार्जिंगला आलेल्या मालकांशी बोलावे. मागच्या उन्हाळ्यात गाडी कशी वागली, हे ते सांगतील.

8. ताबा घेताना

नोंदणीपूर्वी गाडी घरच्यासारख्या साध्या चार्जरवर आणि मार्गावरच्या प्रकारच्या डीसी फास्ट चार्जरवर, दोन्हीकडे लावून पाहावी. उत्पादनाचा महिना तपासावा. गाडी अनेक महिने उभी असेल तर 12 व्होल्टची लहान बॅटरी तपासून घ्यावी, कारण ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. चार्जिंग केबल, पंक्चर किट आणि दोन्ही किल्ल्या मोजून घ्याव्यात. विमा पॉलिसीत बॅटरीला तळातून बसणारा मार आणि पाणी शिरण्याचे नुकसान समाविष्ट आहे का, हे वाचल्यावरच उरलेली रक्कम भरावी.