कॉलेजात नंबर लागला, आता राहायचं कुठे?

चोपड्यात माझं महा ई-सेवा केंद्र आहे. जून-जुलै आला की एकच प्रश्न घेऊन लोक येतात: "ताई, पोऱ्याना नंबर लागना, पन ऱ्हावाले कोठे?" मुलींच्या बापांना तर वाटतं, आता फी माफ झाली म्हणजे काम झालं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची कॉलेजची ट्यूशन फी माफ आहे, हे खरं. पण खोलीचं भाडं आणि मेस त्यात येत नाही.

म्हणून पहिलं काम: सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरा. "तिथे कुठे नंबर लागतो, कशाला भरायचा?" असं म्हणून सोडून देऊ नका. नंबर लागला तर राहणं-जेवण फुकट. नाही लागला, तर खोलीसाठी पैसे देणाऱ्या योजना तिथूनच सुरू होतात, कारण त्या वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठीच काढलेल्या आहेत.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, तिचं काम समाजकल्याण खात्याकडे. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, तिच्यासाठी आपल्याकडे यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोदा अशी आदिवासी विकास खात्याची प्रकल्प कार्यालयं आहेत. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. या तिन्ही योजनांत वर्षाची रक्कम शहरावर ठरते: मुंबई-पुण्याला ६०,००० रुपये, नाशिकला ५१,०००, जिल्ह्याच्या गावाला ४३,०००. या ४३ हजारांत जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,००० धरलेले आहेत. म्हणजे खोलीचे महिन्याला हजारच. तेव्हा एकट्याची खोली बघूच नका; चौघांत एक खोली घ्या.

ज्या गावात कॉलेज, त्याच गावात घर असेल तर हे पैसे मिळत नाहीत. पत्ता बदलून दाखवायची आयडिया मला सांगू नका, मी ते करत नाही.

खुल्या प्रवर्गातल्या, व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्याचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर भरतात. बाप अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असेल तर त्याचा दाखला जोडा. दोन हेक्टरच्या आत जमीन असलेले कितीतरी शेतकरी हा दाखला काढतच नाहीत, घरात सातबारा पडलेला असतो तरी.

कागदांचं सांगते, कारण अर्ज अडतो तो इथे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा, तो मे महिन्यातच काढा; निकाल लागल्यावर सर्व्हर रडतो आणि रांगाही लागतात. जातीचा दाखला, डोमिसाईल, बोनाफाईड, आधी पास केलेल्या वर्षाची मार्कशीट. खोली बाहेर असेल तर भाडेकरार लागतो. घरमालक "करार कशाला, विश्वास नाही का?" म्हणतो, त्याला खोली ठरवतानाच सांगून ठेवा, सामान टाकल्यावर नाही. आणि बँक खातं मुलाच्या नावाचं, आधारशी जोडलेलं. नुसतं आधार दिलं म्हणजे जोडलं असं नसतं. सरकारी पैसे याच खात्यात येतील ना, हे बँकेत विचारून घ्या. पुढे कॉलेजची हजेरीही बघतात, पंचाहत्तर टक्के लागते.

आता खरी अडचण. हे पैसे उशिरा येतात, आणि डिपॉझिट मागतात जुलैत, जेव्हा हातातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. कापूस विकून पैसे यायला दिवाळी उजाडते. त्यामुळे पहिल्या चार महिन्यांच्या भाड्याची आणि मेसची सोय योजनेच्या भरवशावर ठेवू नका. घरमालकाला डिपॉझिट दोन हप्त्यांत घ्यायला सांगा, आपल्या भागातले बरेच ऐकतात. सावकाराकडे मात्र जाऊ नका. पोराला कॉलेजात "कमवा व शिका" आहे का, ते विद्यार्थी विभागात विचारायला लावा. जळगावच्या विद्यापीठाकडेही ती योजना आहे.

एवढ्याने भागत नसेल तर शैक्षणिक कर्ज. ते फक्त फीसाठी असतं असा समज आहे, पण वसतिगृहाचा, बाहेर राहिलं तर खोली-जेवणाचा वाजवी खर्चही त्यात धरता येतो. कॉलेजकडून वर्षाच्या खर्चाचं पत्र घ्या, त्यात राहण्या-जेवणाची वेगळी ओळ लिहून मागा आणि मगच बँकेत जा.