आजाराची माहिती मोबाईलवर शोधताय? आधी केस पेपर काढा

मानसिक आजाराची माहिती शोधायला बसण्याआधी केस पेपर किंवा डिस्चार्ज कार्ड समोर घ्या. निदानाच्या रकान्यात कधीकधी नुसता कोड असतो: एफ 20 म्हणजे स्किझोफ्रेनिया, एफ 31 बायपोलर, एफ 32 नैराश्य. अक्षर लागत नसेल तर औषधं देणाऱ्या फार्मासिस्टकडून सुटं सुटं लिहून घ्या. अंदाजाने टाइप केलं की भलत्याच आजाराची पानं उघडतात, आणि तीही आपल्यालाच लागू वाटतात.

गोळीचंही तसंच. पाकिटावर एक नाव कंपनीने ठेवलेलं, म्हणजे ब्रँडचं असतं. त्याच्याजवळच औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम असतात, जसं ओलान्झापाइन 10. शोध मूळ नावाने घ्या. पट्टी कापून दिली असेल तर नाव तुटतं, म्हणून अख्खी पट्टी हाती येईल तेव्हाच तिचा फोटो काढून ठेवा.

दुष्परिणामांची यादी वाचताना शब्दांमागचा आकडा बघा. कंपनीच्या पत्रकात 'अगदी सामान्य' म्हणजे दहात एकाला किंवा जास्त, 'दुर्मिळ' म्हणजे हजारात एकाहून कमी. यादीत दोन्ही एकाखाली एक छापलेले असतात, म्हणून सारखेच भयंकर वाटतात. नैराश्याच्या गोळ्यांत मळमळ, अस्वस्थपणा पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. नेमक्या याच मधल्या दिवसांत माणूस मोबाईल उघडतो आणि गोळी सोडतो. सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, अंगात झटके आल्यासारखं होतं.

मराठीत शोधलं की 'मुळापासून इलाज', 'गोळ्या कायमच्या बंद' असले व्हिडिओ बऱ्याचदा वर येतात. जिथे खाली फोन नंबर आणि औषधाची किंमत आहे, ती जाहिरात समजा.

रात्री शोधू नका. झोप गेली की आजार उसळतो. आवाज ऐकू येत असतील, संशय वाढला असेल, तर व्हिडिओचा ऑटोप्ले बंद करा आणि शोध घरच्या माणसाला घेऊ द्या, कारण अशा वेळी पडद्यावरचं सगळं आपल्याबद्दलच बोलतंय असं वाटतं. फोन घरात सगळ्यांचा असेल तर ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी वापरा, म्हणजे काय शोधलं ते फोनच्या हिस्ट्रीत राहत नाही.

दाखल असाल तर मोबाईलचे नियम सिस्टरांना विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 फोन वापरण्याचा हक्क देतो, पण रुग्णालयाच्या नियमांत राहून. आजार, उपचार आणि दुष्परिणाम समजेल अशा भाषेत सांगणं हे मात्र रुग्णालयाचं कामच आहे. छत्रपती संभाजीनगरचं घाटी असो की अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय, ओपीडीत वेळ थोडा मिळतो. तीनच प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या.

लिथियम (बायपोलरसाठी देतात ती गोळी) चालू असेल तर एक गोष्ट पाठ असू द्या. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात घाम जाऊन, पाणी कमी पडून रक्तातलं लिथियम वाढतं. दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्यांनीही वाढतं. लिथियमच्या तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. उलट्या, जुलाब, जीभ अडखळणं, तोल जाणं दिसलं तर मोबाईलवर शोधत बसू नका, पट्टी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा: 14416. दिवसरात्र, मराठीत, मोफत.