कॉलेजच्या सूचना, कार्यक्रम आणि बातम्या टाकताना या चुका टाळा

आमचं कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावातलं, आणि निम्म्याहून जास्त मुलं एसटीने येतात, काही खाडीपलीकडून, काही सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) वाड्यांतून. सूचनांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी बघते, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) माझ्याकडे आहे आणि कार्यक्रम झाला की बातमी लिहून पेपरला पाठवायचं कामही मीच करते. त्यामुळे खाली ज्या चुका सांगतेय त्यातल्या बऱ्याचशा माझ्या हातून झालेल्या आहेत.

सगळ्यात मोठी आधी सांगते. जुलै होता. मंगळवारी संध्याकाळी मी ग्रुपवर टाकलं, "उद्या सकाळी ९.३० वाजता निबंध स्पर्धा, सर्वांनी उपस्थित राहावे." बस, एवढंच. बुधवारी स्पर्धा झाली, पेपर गोळा झाले. गुरुवारी सव्वानऊला मी जिना चढतेय तर हॉलच्या बंद दारापाशी एफवायची (पहिल्या वर्षाची) एक मुलगी उभी, ओढणी पिळतेय, छत्रीची एक काडी मोडलेली, आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं पॅड आणि दोन पेनं. तिच्या वाडीत दोन दिवस लाईट नव्हती, फोन बंद पडलेला, बुधवारी रात्री चार्ज झाला तेव्हा मैत्रिणीने फॉरवर्ड केलेला मेसेज तिने वाचला आणि 'उद्या' म्हणजे उद्याच असं धरून पहाटे निघाली, दोन गाड्या बदलून आली. "मॅडम, आजच आहे ना?" एवढंच विचारलं तिने. तिचं काहीच चुकलं नव्हतं हो. चूक माझ्या त्या एका शब्दात होती.

तेव्हापासून उद्या, परवा, येत्या शनिवारी हे शब्द मी सूचनेत लिहीत नाही. मेसेज फॉरवर्ड झाला की मूळचा कधीचा ते वाचणाऱ्याला दिसत नाही, आणि आपल्याकडे पावसात मेसेज एक-दोन दिवस उशिरा पोचणं ही नेहमीचीच गोष्ट आहे. वार आणि तारीख दोन्ही लिहा. दोन्ही का, तर एक चुकलं तर दुसऱ्यावरून पकडता येतं, मुलं लगेच विचारतात की मॅडम, २७ ला तर शुक्रवार येतोय. महिना अक्षरात लिहा, ५/९ असं नको. आणि 'रविवारी रात्री १२ पर्यंत' हे तर अजिबातच नको, कारण निम्म्या मुलांना ती शनिवारची रात्र वाटते. शेवटची वेळ दुपारी तीन-चारची ठेवा, म्हणजे ऑफिस उघडं असतं आणि फॉर्म अडला तर विचारायला कोणीतरी असतं.

नुसतं पोस्टर टाकू नका

हल्ली मुलं फोनवरच सुंदर पोस्टर बनवतात, कौतुकच आहे, पण सगळी माहिती त्या चित्रातच आणि ग्रुपवर वेगळी एक ओळसुद्धा नाही असं होतं. रेंजची एकच कांडी असेल तर चित्र धूसर चौकोनासारखं फिरत राहतं, अक्षरांचा मेसेज मात्र तेवढ्यातही येतो. शिवाय चित्रातलं नंतर सर्च करून सापडत नाही. आणि क्यूआर कोड! पोस्टर ज्या फोनवर आलंय त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा? ज्याच्या घरी एकच फोन आहे तो तिथेच अडकतो, फोनमध्ये चित्रातला कोड वाचायची सोय असते हे सगळ्यांना माहीत नसतं. म्हणून लिंक अक्षरात द्या, क्यूआर भिंतीवरच्या पोस्टरला ठेवा.

मी साधारण असं लिहिते:

मराठी भाषा गौरव दिन, काव्यवाचन स्पर्धा. शुक्रवार, २७ फेब्रुवारी २०२६, सकाळी १०.३० ते दुपारी १. जागा: लायब्ररीच्या वरचा हॉल. कोणासाठी: सगळ्या वर्गांसाठी, ज्युनिअरसुद्धा. नाव द्यायची शेवटची वेळ: मंगळवार, २४ फेब्रुवारी, दुपारी ३. नाव कुठे द्यायचं: खालच्या लिंकवर किंवा मराठी विभागात वहीत. फी नाही. अडचण असेल तर आपल्या सीआरला सांगा.

(सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी.) ते 'किंवा वहीत' मुद्दाम आहे, फोनवाचून कोणाचं नाव राहायला नको.

इथे अजून एक. २७ फेब्रुवारीला फलकावर 'मराठी राजभाषा दिन' लिहिलेलं दरवर्षी कुठे ना कुठे दिसतं. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, तो मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन १ मेला. तसंच २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला 'रामन यांच्या जयंतीनिमित्त' असं लिहू नका, जयंती ७ नोव्हेंबरला असते, २८ फेब्रुवारी हा १९२८ मध्ये रामन परिणामाचा शोध लागला तो दिवस. एनएसएसचा स्थापना दिन २४ सप्टेंबर, वर्ष १९६९. सूचना लिहिण्याआधी एकदा बघून घ्यायला दोन मिनिटं लागतात, आणि चुकीचं छापलं की पुढच्या वर्षी कोणीतरी त्यावरूनच कॉपी करतं.

फॉर्म उघडत नाही

हा फोन मला प्रत्येक कार्यक्रमाला येतो. कारणं ठरलेली आहेत. गूगल फॉर्म कॉलेजच्या ईमेलवरून बनवला असेल तर बऱ्याचदा तो फक्त कॉलेजच्या ईमेलवाल्यांनाच उघडतो आणि मुलांच्या साध्या जीमेलला परवानगी नाही असं दाखवतो, ते सेटिंगमध्ये जाऊन काढावं लागतं. फोटो किंवा ओळखपत्र अपलोड करायला सांगितलं की गूगलचं लॉगिन लागतंच, आणि घरच्यांच्या फोनवरून भरणाऱ्याला वडिलांच्या ईमेलचा पासवर्ड कुठून माहीत असणार, तर अपलोड खरंच हवंय का ते आधी ठरवा. 'एकदाच भरता येईल' हे सेटिंग ठेवलं की घरच्या फोनवरच्या एकाच ईमेलवरून भाऊ-बहीण दोघांना भरता येत नाही. कधीकधी घाईत एडिटची लिंकच ग्रुपवर जाते, तीही बघा. उपाय सोपा, लिंक टाकण्याआधी ती इनकॉग्निटो विंडोमध्ये (ब्राउझरची लॉगिन नसलेली खाजगी विंडो) उघडून स्वतः एकदा पूर्ण भरून बघा.

आणि कृपा करून उत्तरांची शीट सगळ्यांना दिसेल अशी ठेवू नका. फॉर्म भरल्यावर इतरांची उत्तरं दिसण्याचं एक सेटिंग असतं, ते बंद आहे ना ते बघा. मुलींचे मोबाईल नंबर त्यात असतात. नाव, वर्ग आणि गाव एवढ्यावर काम भागत असेल तर नंबर मागूच नका.

तारीख ठरवताना गावचं कॅलेंडर उघडा

ही चूक बाहेरून नव्याने आलेल्या प्राध्यापकांकडून जास्त होते आणि त्यांना दोष देऊन उपयोग नाही, कोणी सांगितलेलंच नसतं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कोकणातल्या कॉलेजात स्पर्धा ठेवली तर हॉल रिकामा राहणार. गणपती २०२५ ला २७ ऑगस्टला होते, २०२६ ला मध्ये अधिक महिना येत असल्याने १४ सप्टेंबरला, म्हणजे गेल्या वर्षीचं वेळापत्रक तसंच उचलून चालत नाही. शिमग्याचं त्याहून अवघड, कारण एका गावचे तेरसे (त्रयोदशीचे) शिमगे तर शेजारच्या गावचे भद्रेचे (पौर्णिमेचे), पालखी घरोघर फिरते ते दिवस प्रत्येक गावाचे वेगळे, आणि ज्या दिवशी आपल्या घरी पालखी यायची त्या दिवशी कुठलंही पोर कॉलेजला येणार नाही, येऊही नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून फेब्रुवारीत गॅदरिंगची तारीख ठरवताना वर्गात नुसतं विचारा, तुमची पालखी कधी?

जून-जुलैला भातलावणी, घरचे हात कमी असतात. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची झोनल फेरी बहुतेक ऑगस्टमध्ये असते, तिची तालीम नेमकी पावसात येते आणि साडेपाचपर्यंत तालीम चालली की गाडी चुकते. मग मुलं तालीम सोडतात आणि आपण म्हणतो यांना आवड नाही. आवड आहे हो, शेवटची एसटी पावणेपाचला आहे. खाडीपलीकडच्यांचं फेरीबोटीवर असतं. वेळ ठरवताना समारोप आणि बक्षीस समारंभ धरून कार्यक्रम तीनला संपेल असं बघा, कारण बक्षीस ज्यांना मिळालंय ती मुलं स्टँडवर आणि टाळ्या वाजवायला गावातली मुलं हॉलमध्ये, हे मी पाहिलंय आणि पुन्हा बघायचं नाहीये.

पाहुणे मुंबईहून कोकण रेल्वेने येणार असतील तर पावसाळ्यात वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांचा वेग कमी ठेवलेला असतो. त्याच सकाळच्या गाडीवर विसंबून दहाचा कार्यक्रम ठेवू नका, आदल्या दिवशी बोलवा.

सुट्टीचे फॉरवर्ड

रेड अलर्ट आला की रात्री नऊपासून फोन सुरू. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र फिरायला लागतं, बघावं तर गेल्या वर्षीचं, तारखेची ओळ कापलेली. नाहीतर रायगडचं. ग्रुपवर टाकण्याआधी एवढं बघा: तारीख आणि साल, जिल्हा कोणता, आणि पत्रात फक्त शाळा लिहिलंय की महाविद्यालयंसुद्धा. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो खूप हातांतून फिरलेला आहे, तो तर जिल्हा माहिती कार्यालयाच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत पानावर बघितल्याशिवाय पुढे पाठवूच नका. परीक्षा असेल तर सुट्टी म्हणजे पेपर पुढे गेला असं स्वतःच ठरवू नका, विद्यापीठाचं परिपत्रक बघा. आणि मुलांनो, पाणी खरंच वाढलं असेल, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) बुडला असेल, तर पत्राची वाट बघत बसू नका, घरीच राहा आणि सरांना किंवा मॅडमना कळवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी किती पटकन चढलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, एका हजेरीसाठी कोणी जीव धोक्यात घालू नये.

तारीख बदलली तर

जुना मेसेज गुपचूप एडिट करू नका. एक तर एडिट पंधरा मिनिटांतच करता येतं, आणि ज्यांनी आधीच वाचलंय ते परत वर जाऊन वाचत नाहीत. नवीन मेसेज टाका, पहिलाच शब्द 'बदल', मग जुनी तारीख आणि नवी तारीख दोन्ही. वर पिन केलेला जुना मेसेज काढा. आणि नोटीस बोर्डावरचा कागद! तो बदलायचा हमखास राहतो. आमच्याकडे एकदा काचेच्या आत २१ तारीख आणि ग्रुपवर २३, बोर्डाची चावी शिपाईकाकांकडे आणि काका रजेवर, तेव्हा मी काचेवर बाहेरूनच चिठ्ठी चिकटवली होती. चावी दोन ठेवा.

कार्यक्रम झाल्यावरची बातमी

बातमीत पहिल्या दहा ओळी मान्यवर, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आणि शेवटी जागा संपली म्हणून पेपरवाले बक्षीस मिळालेल्यांची नावं कापतात, कारण ती आपण सगळ्यात खाली लिहिलेली असतात. उलटं लिहा. कोण जिंकलं, कुठल्या गावचं, काय केलं ते वर. पाहुणे नंतर. ते नाराज होतील असं वाटतं पण माझ्या अनुभवात एकही झालेले नाहीत.

नावं कोणाला तरी विचारून लिहू नका, मुलांकडूनच कागदावर लिहून घ्या. एकदा साळवीचं साळवे छापून आलं माझ्यामुळे. त्या मुलाच्या आजीने तरी ते कात्रण कापून देव्हाऱ्याशेजारी लावलंय, पेनाने त्या शेवटच्या 'वे'चा 'वी' करून. मी घरी गेले होते तेव्हा दाखवलं तिने, आनंदाने. मला ते बघवेना.

मजकूर साध्या युनिकोड मराठीत मेसेजने किंवा ईमेलने द्या, सही-शिक्क्याच्या पत्राचा फोटो किंवा जुन्या फॉन्टमधली फाईल पाठवली तर तिकडे परत टाईप करावं लागतं आणि चुका तिथेच घुसतात. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करतं आणि छापल्यावर चेहरे पुसट येतात. फोटोत डावीकडून कोण कोण ते लिहा. आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या आत पाठवा, चार दिवसांनी कोण छापणार.

त्या निबंधाच्या मुलीला मी त्याच दिवशी स्टाफरूममध्ये बसवून निबंध लिहायला लावला, परीक्षकांना सगळं सांगून तो स्पर्धेत घेतला. नंबर आला नाही तिचा. पण जाताना तिला मी विचारून घेतलं, तुझ्या वाडीला शेवटची गाडी किती वाजता, आणि ते कपाटाच्या दाराच्या आत कागद लावून लिहिलं. आता तिथे एकेचाळीस गावं आहेत, गाव, शेवटची एसटी, रेंज येते की नाही. नवीन एफवाय आलंय, त्यांच्या गावांचं अजून विचारायचंय, सोमवारी पहिल्या तासाला वही फिरवणार आहे.