बियांचं बटर घट्ट का बसतं? या चुका टाळा

पीनट बटरसारखं बियांचं बटर घरी करताना बिघडलं की दोष बियांना किंवा मिक्सरला. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पाणी.

प्रकार ठरलेला असतो. पाव किलो सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया चटणीच्या भांड्यात फिरतात. दोन मिनिटांत पीठ होतं, मग त्याचा गोळा कडेला चिकटतो आणि पातं मोकळंच फिरतं. इथे धीर सुटतो. हाताला ओल्या वाटणाची सवय, म्हणून दोन चमचे पाणी जातं. क्षणभर सैल वाटतं, लगेच सगळं मळलेल्या कणकेसारखं. मिक्सर घुमतो, जळका वास येतो, बुडाचं लाल बटण उडतं. ते दाबून पुन्हा तेच केलं की भांडं मोटरला जोडणारा कपलर गेलाच म्हणून समजा.

बियांत जवळपास निम्मं तेल असतं. बटर म्हणजे त्या तेलात सुटे झालेले बियांचे कण. पाणी पडलं की कण ते शोषून एकमेकांना धरतात. असं बटर परत सुटत नाही. लसूण, मीठ, तिखट घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत चटणी म्हणून संपवा.

गोळा झाला की मिक्सर बंद करायचा, कडा खरवडायच्या, पाच मिनिटं थांबून पुन्हा एक मिनिट फिरवायचं. चार-पाच फेऱ्यांत तेल सुटतं. 'पाच मिनिटांत बटर' हवं असेल त्यांनी विकत आणावं. अगदीच अडलं तर चमचाभर शेंगदाणा तेल. खोबरेल नको, पुण्याच्या डिसेंबरात ते गोठतं.

दुसरी चूक भाजण्यातली. जुलै-ऑगस्टमध्ये मार्केट यार्डातून आणलेल्या बियासुद्धा घरी येऊन सादळतात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सूर्यफूल आणि भोपळा आठ-दहा मिनिटं, तीळ चार-पाच. रंगावर जाऊ नका. एक बी निववून चावा, कटकन तुटली पाहिजे. आणि गरम बिया थेट भांड्यात नकोत: झाकणाखाली वाफ धरते, थेंब आत पडतात. म्हणजे पुन्हा पाणीच! हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

मध किंवा ओलसर गूळ वाटताना घालू नका, तेही घट्ट करतात. पिठीसाखर चालते, शेवटी.

जवसाचं थोडंच करा, लवकर खवट होतं.

ओला चमचा बरणीत नको.

सूर्यफुलाचं बटर आणि खायचा सोडा घातलेली बिस्किटं आतून हिरवी निघाली तर फेकू नका. बुरशी नव्हे ती. बियांतलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याशी रंग धरतं. पुढच्या वेळी सोडा थोडा कमी करून पिठात लिंबाचे चार थेंब पिळा.