पावसाळ्याआधी सोसायटीचं ड्रेनेज कसं तपासायचं, म्हणजे मैला गोदेत जाणार नाही

नाशिकला दरवर्षी तेच, जोराचा पाऊस झाला की चेंबर उसळतात आणि काळं पाणी रस्त्यावरून नासर्डीत नाहीतर वाघाडीत, तिथून गोदेत. मग सगळे म्हणतात एसटीपी, म्हणजे मैलापाणी साफ करणारं केंद्र, बंद असणार. एसटीपीचे दोष असतील ते असतील, पण पाणी तिथं पोचलंच नाही तर साफ काय होणार?

प्लांटमध्ये काय चालतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं पटणार नाही. तपोवन, आगरटाकळी, पंचक अशा केंद्रांत पाणी आलं की आधी जाळीत प्लास्टिक नि चिंध्या अडकतात, मग वाळू खाली बसते. खरं काम जिवाणूंचं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी यूएएसबी पद्धत आहे, म्हणजे उंच टाकीत पाणी खालून हळूहळू वर चढतं, मधे गाळाचा जाड थर असतो आणि त्यातले हवेशिवाय जगणारे जिवाणू घाण खाऊन मिथेन सोडतात. वीज कमी लागते पण सफाई अर्धवट होते, म्हणून पुढे हवा देऊन, निवळून, क्लोरीन मारून पाणी सोडावं लागतं. हेच काम नदीत झालं तर तिथले जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे मरतात, बीओडी बीओडी म्हणतात ते ह्याचंच माप. प्लांटमध्ये सफाई झाली तरी नायट्रोजन-फॉस्फरस बराचसा तसाच पुढे जातो, पाणवेलींचं खत तेच.

आता मुद्दा. तो गाळाचा थर संथ पाण्यातच टिकतो. पावसाचं पाणी ड्रेनेजमधून एकदम आलं की गाळ वाहून जातो आणि परत जमायला आठवडे लागतात, शिवाय वाटेत चेंबर उसळतात ते वेगळंच.

तर पहिलं काम, गच्चीवरून येणारा पावसाळी पाइप कुठं जातो ते बघा. प्लंबरला बोलवून चेंबरचं झाकण उघडायला लावा आणि वर कुणालातरी बादलीभर पाणी त्या पाइपात ओतायला सांगा. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये पाणी वाढलं तर जोडणी चुकली आहे, तो पाइप पावसाळी गटारात किंवा शोषखड्ड्यात वळवून घ्या. बिल्डर लोक खर्च वाचवायला सर्रास असं करतात, नवीन बिल्डिंग आहे म्हणून गाफील राहू नका. पार्किंगच्या जाळ्या पण अशाच तपासायच्या. उलटंही बघायचं बरं का, बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचं पाणी पावसाळी पाइपात सोडलेलं असतं, ते बिनासफाई थेट नाल्यात जातं.

झाकण उघडलं की वाकून बघत बसू नका, आत विषारी गॅस असतो. आणि माणूस आत उतरवायचा नाही म्हणजे नाही, हातानं मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मशीनची गाडी मागवा.

किचनमध्ये एकच सवय लावा, कढई धुण्याआधी पेपरनं पुसायची, दिवाळीचं तळणीचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, ते पाइपात थिजतं आणि वर चिंध्या चिकटल्या की लाइन बंद. पॅड, डायपर, वेट वाइप्स संडासात टाकायचे नाहीत, घंटागाडीला वेगळे गुंडाळून द्या. ॲसिडच्या बाटल्या भसाभसा ओतू नका, सेप्टिक टँकवाल्यांनी तर नकोच, तिथले जिवाणू मरतात.

सेप्टिक टँक असेल तर दोन-तीन वर्षांनी उपसा. टँकरवाल्याला आधीच विचारा की टँकर रिकामा कुठं करणार. स्वस्तात येतो म्हणणारा बहुतेक रात्री नाल्यावरच रिकामा करतो, एसटीपीवर नेणारा थोडा महाग पडला तरी त्यालाच बोलवा आणि पावती मागा.