मृत्यूवरची रचना आणि मुलांचा गायनवृंद: या चुका टाळा

१२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली. सोलापुरात त्या दिवसासाठी तुकोबांच्या ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां’वर नवी रचना बसवायची म्हटली तर पुढच्या अडचणी हमखास येतात. वाद्यं बासरी, दोन व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, पखवाज आणि मुलं २४ असं धरून चालू.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मुलांना ‘दुःखी होऊन गा’ असं सांगणं. मान झुकते, श्वास अर्धवट राहतो आणि पाचव्या ओळीपर्यंत वृंद सुरात चांगलाच उतरलेला असतो. हार्मोनियम परत सुरू झाली की मग सगळं उघडं पडतं. अभंगात तर पुढे ‘तो झाला सोहळा’ म्हटलंय, रडका सूर तिथे शोभतच नाही. ‘श्वास पूर्ण, आवाज कमी’ एवढंच सांगा. लांब स्वरावर सगळ्यांनी एकदम श्वास घेऊ नये. शेजारी श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही, आणि श्वासानंतर परत येताना हळूच शिरायचं.

मोठ्यांच्या सोयीची पट्टीही मुलांवर लादू नका. आठ ते बारा वर्षांच्या आवाजाला मधली पांढरी एक ते वरची पांढरी तीन एवढाच पल्ला सुखाचा. आवाज फुटू लागलेल्या मुलांना घरी पाठवू नका, वाजवायला घंटा द्या.

खरी कसोटी एका गटाने सा आणि दुसऱ्याने कोमल रे एकदम धरायचे असतात तिथे लागते. दोन्ही गट एकमेकांकडे ओढले जातात. आधी तानपुऱ्यावर प्रत्येक गट स्वतंत्र पक्का करा, मग पाठीला पाठ लावून चार मात्रा, मग आठ, समोरासमोर शेवटी. प्रवेशाचा स्वर चेलोने दोन आवर्तनं आधीच द्यायला हवा, ऐनवेळी हार्मोनियमवर शोधू नये. कानडी घरांतल्या काही मुलांचा ‘झाला’तला झ वेगळा निघतो, तो पहिल्याच तालमीत एकसारखा करा.

दुपारी वर्गात जुळलेली वाद्यं जानेवारीच्या रात्री फसवतात. हवा दहा अंशांनी गार झाली तर बासरी ३० सेंटपर्यंत, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाने, उतरू शकते. तारा मात्र चढतात. अर्धा तास आधी वाद्यं कार्यक्रमाच्या जागी, हुतात्मा स्मृती मंदिरातच उघडून ठेवा, बासरीत फुंकर घालत राहा. त्याच आठवड्यात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची धामधूम असते, त्यामुळे अगदी हळू जागा बाहेरच्या गोंगाटात ऐकू येतात का, तेही आदल्या रात्रीच तपासा.

इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनने युद्धातल्या मृतांसाठीच्या ‘वॉर रिक्विएम’मध्ये (१९६२) मुलांचा वृंद दूर उभा केला, म्हणून तसं करावंसं वाटतं. पण २० मीटरवरून आवाज यायला जवळपास ०.०६ सेकंद लागतो. मुलांनी कानावर न जाता संचालकाच्या हाताच्या इशाऱ्यावर गायचं, तेही नीट दिसेल अशा उजेडात.

पालकांना विषय आधीच कळवा. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर त्या मुलाला चारचौघांत विचारू नका. त्याने ऐनवेळी नको म्हटलं तरी गट कोसळू नये म्हणून कोमल रेच्या बाजूला दोन मुलं जास्तीची ठेवा.