व्यसनमुक्तीच्या उपचारांना मेडिक्लेम मिळतो का? भरती करण्याआधी काय तपासावं

घरातल्या माणसाला व्यसनमुक्तीसाठी भरती करायचं ठरतं ते बहुधा एखाद्या वाईट रात्रीनंतर. त्या धावपळीत पॉलिसी कोण वाचतंय? मग बिल हातात पडतं आणि टीपीएचा (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेचा) माणूस सांगतो, ‘हे बसत नाही.’

म्हणून आधी पॉलिसी काढा. एजंटने दिलेला दोन पानी कागद नव्हे, तर कंपनीच्या वेबसाइटवरची संपूर्ण अटींची पीडीएफ. त्यात ‘काय मिळणार नाही’ या भागात ‘एक्सक्ल १२’ (Excl12) हा कोड शोधा. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी शब्दरचना ठरवून दिली, तिच्यातलं हे कलम. दारू, ड्रग किंवा कुठल्याही व्यसनावरचे उपचार आणि त्या व्यसनाचे परिणाम यांना ते वगळतं. खरी मेख ‘परिणाम’ या शब्दात आहे. लिव्हर सिरोसिसचा किंवा स्वादुपिंडाच्या सुजेचा क्लेमही याच शब्दावर बोट ठेवून नाकारला जातो.

आता दुसरी बाजू. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. याच कायद्याचं कलम २१(४) म्हणतं की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा मिळाला पाहिजे. कायदा एक बोलतो, पॉलिसी दुसरंच. माझा सल्ला असा, की पॉलिसीत ‘एक्सक्ल १२’ असेल तर पैसे मिळतीलच असं धरून चालू नका, पण मागायचंही सोडू नका. नोकरीच्या ठिकाणचा ग्रुप विमा असेल तर एचआरला जरूर विचारा. अशा पॉलिसीत काही कलमं शिथिल करून घेता येतात.

विचारणा ईमेलवरच करा. कॉल सेंटरवरचं ‘हो सर, कव्हर आहे’ नंतर कुणालाच आठवत नाही. ईमेलमध्ये डॉक्टरांनी लिहिलेलं निदान आणि त्याचा आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक) द्या. एफ १० म्हणजे दारू, एफ ११ म्हणजे अफूवर्गीय पदार्थ. एफ १०.३ म्हणजे दारू थांबवल्यावर होणारा त्रास. सोबत नैराश्य असेल तर त्याचा कोड वेगळा, एफ ३२. ते खरोखर असेल तर कागदावर स्वतंत्रपणे यायलाच हवं, कारण त्याचे उपचार मानसिक आजार म्हणून मागता येतात. नसलेलं मात्र लिहून घेऊ नका.

मग जागा बघा. दारू एकदम बंद केल्यावर हात थरथरणं, फिट येणं, भास होणं यासाठी हॉस्पिटलमधले काही दिवस आणि नंतर व्यसनमुक्ती केंद्रातला काही आठवड्यांचा मुक्काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिलंही वेगवेगळी घ्या. केंद्र पॉलिसीतल्या ‘हॉस्पिटल’च्या व्याख्येत बसतं का आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी आहे का, हे विचारा. चोवीस तास डॉक्टर आणि नर्स नसलेल्या जागेचा क्लेम बहुधा तिथेच संपतो.

नवी पॉलिसी घेताना फॉर्ममध्ये सवय लपवू नका. दारूचं जुनं व्यसन लपवून घेतलेल्या आरोग्य पॉलिसीचा क्लेम नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये योग्य ठरवलं.

डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका. डिस्चार्ज कार्ड ओळ न् ओळ वाचा. ‘अल्कोहोलिक’ हा एक शब्द सवयीने लिहिलेला असतो. तो चुकीचा असेल तर तिथेच डॉक्टरांकडून दुरुस्त करून, सही-शिक्का घ्या. घरी आल्यावर ते काम दहापट अवघड होतं.

क्लेम नाकारला तर कारण, कलमाच्या क्रमांकासकट, लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. कलम २१(४) चा उल्लेख याच अर्जात करा.

हे सगळं होईपर्यंत भरती मात्र लांबवू नका, आणि रोज पिणाऱ्याची दारू घरीच अचानक बंद करू नका. पहिल्या दोन-चार दिवसांतला त्रास जिवावर बेतू शकतो. पैशांची सोय नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय टोल-फ्री व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करून, सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारं मोफत केंद्र जवळ कुठे आहे ते विचारा.